आमच्या नगरपंचायतीची घंटागाडी : दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू

गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं, किनाऱ्यावरचं, नगरपंचायत असलेलं गाव, एवढं पुरे. मला कोणाची बदनामी करायची नाहीये, मला ही सेवा चांगली झालेली बघायचीय, आणि जिथे जिथे अशी गाडी दारात येते तिथल्या कोणाला यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच आहे.

आधी स्टार सांगून टाकते. पाचपैकी तीन. सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर एकच दिला असता, आणि तोसुद्धा गाडीवर काम करणाऱ्या दोन मुलांसाठी.

आमचं घर म्हणजे पुढे खळं, मागे परसू, सात माड, थोड्या पोफळी आणि वर तीन खोल्यांचा होमस्टे. त्यामुळे कचरा दोन तऱ्हेचा होतो, एक घरचा आणि एक पाहुण्यांचा, आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरचा बघितला तर भाजीची देठं, माशांची खवलं-मुंडकी, दुधाच्या पिशव्या, वाण्याकडचा पुठ्ठा, संपलं. पाहुण्यांचा शनिवारी सुरू होतो आणि सोमवारी सकाळी मोजावा लागतो. गेल्या डिसेंबरच्या एका शनिवार-रविवारी तीन खोल्यांतून ३८ पाण्याच्या बाटल्या निघाल्या, मी एकेक मोजल्या, वेफर्सची पाकिटं वेगळीच.

गाडी सकाळी साडेसात ते आठच्या मधे येते. वेळ पाळतात, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण कचऱ्याच्या गाडीची वेळ चुकली की लोक वाट बघत नाहीत, सरळ पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, नेऊन टाकतात. गाडीवरची मुलं पण चांगली आहेत, आमच्या आळीत टोकाला एक आजी एकट्या राहतात, त्यांना बादली उचलवत नाही तर त्यांच्यातला एक मुलगा पायऱ्या चढून वर जाऊन बादली घेऊन येतो आणि रिकामी करून परत ठेवून येतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. नगरपंचायतीने प्रत्येक घराला हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या फुकट दिल्या, हिरवीत ओला निळीत सुका, हँडबिलं वाटली, शाळेतल्या मुलांची फेरी पण काढली. मी ते सगळं अगदी मनापासून केलं. दुधाच्या पिशव्या धुवून कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवायच्या, कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, पिशवीला लागूनच ठेवायचा (तो कापलेला बारका तुकडा वेगळा झाला की कोणाच्याच हाताला लागत नाही, गटारात जातो), पुठ्ठे चपटे करून सुतळीने बांधायचे. सासूबाई म्हणायच्या, अगं कचऱ्याचं एवढं काय करतेस.

आणि मग एक दिवस मी योगायोगाने फाटकातच उभी होते. त्या मुलाने हिरवी बादली गाडीत पालथी केली, आदल्या रात्रीच्या बांगड्यांची मुंडकी, नारळाचा चोथा, चहाचा गाळ, आणि त्याच्यावर निळी बादली. माझ्या धुवून वाळवलेल्या पिशव्या त्या मुंडक्यांवर जाऊन पडल्या. मी म्हटलं, अरे हे वेगळं केलंय ना मी! तर तो बिचारा म्हणाला, वैनी, गाडीला खणच एक आहे, मी कुठं ठेवू?

त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं. आठ महिने मी दोन बादल्या भरत होते आणि आठ महिने त्या एकाच खणात जात होत्या, मला फक्त दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला इतका राग आला की स्कूटी काढली आणि गाडीच्या मागे गेले.

गाडी जाते वर सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या खडकाळ पठारावर. एक पत्र्याची शेड आहे, तीन बाजूंनी उघडी, आणि शेडच्या पलीकडे ढीग. शेडमधे तीन बायका बसून कचरा वेगळा करत होत्या. तिघींत मिळून हातमोजा एक, तो पण उजव्या हाताचा. त्यांच्यातल्या एक मावशी माझ्याशी बोलल्या, बोलता बोलता हात चालूच. सांगत होत्या, ओल्याने माखलं की भंगारवाला कागदाला हात लावत नाही, पुठ्ठा भिजला की गेलाच, पिशव्या घेतल्या तर निम्म्या भावाने. म्हणजे मी घरी वेगळं केलेलं गाडीत एकत्र होतं आणि मग तेच परत वेगळं करायला या बायका बसतात, आणि तोपर्यंत त्याची किंमत गेलेली असते. त्या बोलत असतानाच त्यांच्या हातात एक वापरलेला डायपर आला, कागदात न गुंडाळलेला, उघडा. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुढच्या पिशवीत हात घातला. मी घरी आले तरी मला तो हात दिसत होता.

सड्याबद्दल पण बोललं पाहिजे कारण हे फक्त आमच्या गावाचं नाहीये, कोकणात बऱ्याच ठिकाणी कचरा सड्यावर नेऊन टाकतात कारण ती जागा मोकळी दिसते, तिथे शेती नाही. पण सडा म्हणजे जांभा, आणि जांभा स्पंजासारखा, भोकाभोकांचा. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराच सड्यावरून आत झिरपतो आणि खाली वाडीतल्या विहिरींना आणि पऱ्ह्यांना लागतो. सड्यावरच्या ढिगात ओला कचरा कुजून जे काळं पाणी सुटतं ते पण त्याच वाटेने खाली येतं. आमच्या खालच्या वाडीत लोक अजून विहिरीचं पाणी पितात. वर उन्हाळ्यात तोच ढीग पेटतो, कोणी पेटवला नाही तरी आतल्या गॅसमुळे धुमसत राहतो आणि वारा फिरला की धूर आख्ख्या गावात.

म्हणून माझं म्हणणं असं झालंय, आणि हे मी नगरपंचायतीला लेखी पण दिलंय, की कोकणातल्या परसू असलेल्या घरातून ओला कचरा गाडीने न्यायचाच कशाला? ओल्या कचऱ्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं, आपण डिझेल जाळून पाणी सड्यावर चढवतो आणि तेच पाणी खराब होऊन विहिरीत उतरतं. ज्याच्या मागे चार माड आहेत त्याच्याकडे त्या कचऱ्याला जागा पण आहे आणि गरज पण आहे. पूर्वी कुठे गाडी येत होती, माशाचं पाणी आळवाला आणि मुंडकी माडाच्या आळ्यात, वरून माती. फक्त पुरायचं हातभर खोल, नाहीतर कुत्री आणि मुंगूस उकरतात.

आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन हौद बांधलेत, कमरेएवढे, खाली नुसती माती, सिमेंट नाही. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. भाजीचा कचरा टाकला की त्याच्या दुप्पट-तिप्पट पातेरा (सुका पाला) टाकायचा, एवढंच यातलं गुपित आहे, ज्यांच्या खतात अळ्या होतात आणि वास येतो त्यांचा पातेरा कमी पडतो, बाकी काही नाही. मधूनमधून शेणाचं पाणी नाहीतर आंबट ताक शिंपडायचं, आठवड्याने वरखाली करायचं. चांगलं लागलं की ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत खत होतं, पावसाळ्यात जास्त लागतात आणि वर पत्रा नाहीतर झावळ्यांचं छप्पर लागतंच, नाहीतर नुसता चिखल होतो. नारळाची सोडणं आणि करवंट्या त्यात टाकायच्या नाहीत, वर्ष वर्ष कुजत नाहीत. फणसाची चारखंडं (काटेरी सालं) गाईला, आंब्याचे बाठे मात्र जातात हौदात, वेळ लागतो पण जातात. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) खाऊन झाल्यावर उरलेली शिंपलं मी वेगळी ठेवते, पूर्वी शिंपल्यांच्या भट्ट्या लावून चुना करायचे, आता ती माडाच्या बुडाशी घालते.

नगरपंचायतीने दोन बादल्यांच्या ऐवजी ज्याला परसू आहे त्याला ५० चिरे दिले असते तरी चाललं असतं. मग गाडी ओल्यासाठी कुठे जाऊ दे? स्टँडजवळच्या बिल्डिंगी, हॉटेलं, खानावळी आणि मासळी बाजार, एवढंच. तिथला ओला कचरा स्वच्छ आणि एकगठ्ठा मिळतो, त्याच्यावर बायोगॅस चालू शकतो. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याने हे करून दाखवलंय. २०१५ नंतर तिथल्या नगरपरिषदेने, तेव्हा रामदास कोकरे मुख्याधिकारी होते, घरातूनच ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू असं वेगळं घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यासाठी, आणि जुन्या डंपिंगच्या जागेवर बाग झाली. बाहेरगावचे लोक कचऱ्याचा डेपो बघायला तिकडे जातात. वेंगुर्ला काही मुंबई-पुणे नाही, आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं छोटं शहर, आपल्यासारखाच पाऊस, त्यामुळे कोकणात हे चालत नाही हे मी आता कोणाचं ऐकून घेत नाही.

बरं, परत आमच्या गाडीकडे. सड्यावरून आल्यावर मी आळीतल्या बायकांना सांगितलं. आधी कोणाला काही वाटलं नाही, मग मी त्या हातमोज्याचं सांगितलं तेव्हा गप्प झाल्या. चौदा जणींच्या सह्यांचा अर्ज केला. अर्जात लिहिलं की २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांमधे ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा देणं आमचं काम आहे, ते आम्ही करतो, पण तो वेगळा नेणं आणि वेगळा ठेवणं हे तुमचं काम आहे. नगरसेविका बाई आमच्या बाजूने बोलल्या. तीन महिने गेले, दोनदा चकरा मारल्या, साहेब सुट्टीवर, साहेब मिटिंगला, आणि मग एक दिवस गाडी आली तर आत पत्रा मारून दोन खण केलेले! आणि दर गुरुवारी फक्त सुका.

त्यानंतर जे झालं ते मी स्वतः बघितलं म्हणून सांगते. आमच्या आळीत ३१ घरं. आधी मनापासून वेगळं करणारी पाच-सहा असतील. खण झाल्यावर दोन महिन्यांत वीसेक घरं गुरुवारी सुक्याची गोणी वेगळी काढायला लागली, आणि कोणी परत हँडबिल वाटलं नाही, कोणी दंड केला नाही. समोरचे काका, जे सरळ सरळ पऱ्ह्यात फेकायचे, त्यांनी स्वतःहून विचारलं की गुरुवारी किती वाजता येते. लोकांना आळस असतो हे खरंय पण आपण वेगळं केलेलं पुढे वेगळंच राहतं हे डोळ्यांनी दिसलं ना की माणूस करतो. ऑफिसात बसून "नागरिकांमध्ये जनजागृतीचा अभाव" असं लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीत डोकावून बघावं.

यासाठी दोन स्टार वाढवले.

आता उरलेले दोन का नाही ते सांगते.

एक म्हणजे काच. भंगारवाला काच घेत नाही, वजन जास्त आणि भाव नाही, आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायचं भाडंसुद्धा सुटत नाही असं तो म्हणतो आणि त्याचं खरं आहे. गाडी पण घेत नाही. मग बिअरच्या बाटल्या जातात कुठे, तर किनाऱ्यावर सुरूच्या बनात. फुटतात, आणि सकाळी रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला माणसं अनवाणी जातात. आमच्याकडे पाहुण्यांच्या बाटल्यांच्या अकरा गोणी मागच्या पडवीत पडून आहेत. नगरपंचायतीने महिन्यातून एक दिवस काचेचा ठेवावा, सड्यावर एका कोपऱ्यात साठवावी आणि पूर्ण ट्रक भरला की एकदम पाठवावी, काच कुजत नाही, तिला घाई नाही. एकट्या घराला जे परवडत नाही ते नगरपंचायतीला परवडतं, त्यासाठीच तर ती आहे.

दुसरं, डायपर आणि पॅड. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आमच्या आळीपुरतं मी सगळ्यांना सांगितलंय, वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा, म्हणजे शेडमधल्या बायकांना उघडावं लागत नाही. २०१६ च्या नियमांत पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी सोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं पण होतं, काही देतात काही नाही. पण गाडीत त्याला तिसरी छोटी पेटी लावायला काय हरकत आहे? आणि हातमोजे! अजून नाहीयेत. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू. दर वेळी उत्तर एकच, मागणी पाठवलीय.

वेफर्सच्या पाकिटांचं उत्तर माझ्याकडे पण नाही. आत चंदेरी थर असतो, प्लास्टिक आणि धातू एकमेकाला चिकटलेलं, कोणी विकत घेत नाही. मोठ्या शहरांतून असलं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं. आमच्याकडे ते न्हाणीच्या चुलीत जातं. हे मला फार लागतं, कारण कित्येक घरांत पाणी तापवताना लाकूड लवकर पेटावं म्हणून पिशवी नाहीतर पाकीट टाकतात, न्हाणी घराला लागून, धूर सगळा घरात, तिथेच तान्ह्या मुलांना आंघोळ घालतात. आमच्या सासूबाई पण टाकायच्या. मी भांडले नाही, चुलीजवळ एक टोपली भरून करवंट्या आणि सुकी सोडणं ठेवायला लागले, करवंटी पिशवीपेक्षा चांगली पेटते, आता त्या स्वतःच दुसऱ्यांना सांगतात.

पाण्याच्या बाटल्यांचं मात्र उत्तर सापडलं आणि ते नगरपंचायतीने नाही, आम्हीच काढलं. खोलीत स्टीलचा तांब्या-भांडं आणि खाली व्हरांड्यात फिल्टर, आणि खोली दाखवतानाच सांगायचं की पाणी इथे भरा, आम्ही हेच पितो. ३८ वरून एका वीकेंडला दहा-बारा बाटल्यांवर आलं. ज्या येतात त्या चेपून झाकण लावून गोणीत, पेट बाटलीला भंगारवाला लगेच तयार असतो, तिच्यापासून पुढे धागा होतो. आता नगरपंचायतीने एवढंच करावं की होमस्टे आणि हॉटेलवाल्यांची बैठक घ्यावी आणि लायसन देताना, रिन्यू करताना फिल्टर आणि दोन बादल्यांची अट घालावी. आम्ही पाहुण्यांवर पोट भरतो तर त्यांच्या कचऱ्याचे पैसे घरापेक्षा जास्त द्यायला पण माझी तयारी आहे, पावती द्या आणि त्या पैशाचं काय केलं ते फळ्यावर लिहा. किती किलो पुठ्ठा गेला, किती बाटल्या, कितीला गेल्या, दर महिन्याला ऑफिसबाहेरच्या फळ्यावर चार ओळी. विश्वास त्याने बसतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्या ५० पैसे देऊन परत घ्यायचं ठरलं होतं, आमच्या गावात कोणी एक पिशवी परत घेतलेली मी तरी बघितली नाही, आणि लोक हे विसरत नाहीत, पुढच्या योजनेच्या वेळी काढतात.

पावसाळ्यात सेवा ढासळते हे पण लिहिते. जुलैमधे सड्याच्या चढावर टेम्पो रुतला तर चार दिवस गाडी नाही. शेड तीन बाजूंनी उघडी असल्यामुळे वेगळा केलेला पुठ्ठा परत भिजतो. दोन बाजूंना पत्रे मारले आणि खाली फळ्या टाकून माल जमिनीपासून वर ठेवला तरी निम्मं काम होईल.

आणि गणपती. गेल्या वर्षी गणपतीत चाकरमानी आल्यावर आमची आळी दुप्पट झाली, घरटी दहा-बारा माणसं, पत्रावळी, हार, पेढ्यांचे खोके, आणि गाडी मात्र तेवढीच, एकदाच. निर्माल्याला वेगळा कलश फक्त विसर्जनाच्या दिवशी ठेवला होता, पण निर्माल्य तर रोज निघतं. थर्माकोलच्या मखरावर २०१८ पासून बंदी आहे तरी पाचव्या दिवशी ढिगात पांढरं दिसतंच, ते मुंबईहून गाडीच्या टपावर बांधून येतं. यंदा आम्ही वाडीतल्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर आत्ताच टाकलंय की मखर इथेच बांबू आणि झावळ्यांचं करू, आणू नका.

काच आणि हातमोज्यांचा अर्ज परत दिलाय, या वेळी २७ सह्या आहेत. पुढच्या सभेत विषय घेतो म्हणालेत. गणपतीत गाडी दोन वेळा येते का आणि त्या मावशींच्या हातात मोजे दिसतात का हे बघून स्टार बदलीन, तोपर्यंत तीन.